पाच फुटांचा चौकोन

मी पोटासाठी दुसऱ्यांची घरं काढते. म्हणजे कागदावर. ठाण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, आणि बाळकुमला उठणाऱ्या कुठल्याही टॉवरमधली बेडरूम किती बाय किती असेल हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दहा बाय दहा, दहा बाय अकरा. दार उघडल्यावर कपाटाला आपटतं का, पलंगाच्या कडेने माणूस सरळ चालू शकतो का, आठवडाभर हेच बघायचं. रविवारी तरी हातात पट्टी धरू नये असं मला मनापासून वाटतं. आणि नेमकं रविवारीच मला रणांगण काढावं लागतं.

हे खूळ माझ्या भाचीचं. माझ्या मोठ्या भावाची ही एकुलती एक मुलगी. घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहते, आयटीत नोकरी करते. वहिनी गेल्यापासून बापलेकीच्या बोलण्यात 'जेवलात का' आणि 'जेवलो' यापलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. दादा टिटवाळ्याला एकटा राहतो. ती दर फोनला म्हणायची, 'बाबा, माझ्याकडे या राहायला,' आणि दादा दर फोनला म्हणायचा, 'बघू.' आमच्या माहेरी 'बघू'चा अर्थ 'मेलो तरी नाही' असा होतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी ती विचारायची आणि तो बघत राहायचा.

मग एका रविवारी ती माझ्या डोंबिवलीच्या घरी बापाला बोलावून, मूठभर फासे घेऊन आली. वीस बाजूंचे, बारा बाजूंचे, आठ बाजूंचे. म्हणाली, "आत्या, तू गोष्ट सांगायची. आम्ही गोष्टीतली माणसं व्हायचं. कोण काय करणार ते आम्ही ठरवायचं आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार. मारामारी आली की नकाशावर चौकोन मोजून खेळायचं. नकाशा तूच काढ हां, तुला येतं."

येतं म्हणून गळ्यात पडणं हा माझ्या आयुष्याचा नियमच आहे.

तर आम्ही चौघं. भाची मांत्रिक झाली. दादा तिरंदाज झाला. माझा नवरा चोर झाला, कारण चोराला लढाईत पुढे जावं लागत नाही असं त्याने आधी विचारून घेतलं. मटण-भात खाऊन तो बसल्या जागी पेंगतो आणि त्याची पाळी आली की "मी लपतो" म्हणून पुन्हा डोळे मिटतो. शत्रू म्हणून मी नकाशावर फुटाणे ठेवायचे. शत्रू मेला की मारणाऱ्याने तो खायचा. नवरा एकही शत्रू न मारता निम्मी फौज खायचा.

पहिल्याच लढाईत माझं हसं झालं. खेळाचा नियम असा की एक चौकोन म्हणजे पाच फूट, एका चौकोनात एक माणूस, आणि पाळी आली की सहा चौकोन चालायचं. चौकोन एक इंचाचा. एक इंच म्हणजे पाच फूट, म्हणजे एकास साठ. माझ्या पट्टीवर एकास पन्नास आहे, एकास शंभर आहे, एकास साठ नावाचं काही नाही. तेही जमवलं. पण खोल्या? हाताला जी सवय, तीच कागदावर उतरली. राक्षसाच्या गढीतला मुदपाकखाना मी दहा बाय आठचा काढला. दोन चौकोन बाय दीड. त्यात तिघं शिरले आणि राक्षसाला उभं राहायला जागा उरली नाही.

"आत्या," भाची म्हणाली, "राक्षसाने लोन काढून वन बीएचके घेतलाय का गं?"

दादाला वेगळाच प्रश्न पडला होता. "एका माणसाला पाच फूट? मारामारी करायला? पाच फुटांत आपण तिघं भावंडं झोपायचो, आणि पायाशी आई." तो खूप हसला. वहिनी गेल्यानंतर त्याला इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मुलगीही बघत होती. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, दमलेली असले तरी हा खेळ मी बंद पडू देणार नाही.

मग शिकले हळूहळू. माझ्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीचा भोकं पाडलेला कागद होता. तो ऑफिसातून आणलेल्या रद्द ड्रॉइंगच्या पाठीवर ठेवायचा, भोकाभोकातून पेन टेकवायचं, आणि सरळ ओळीत ठिपके मिळाले की जाळं तयार. तांदूळ भिजत घालायचे आणि ते भिजेपर्यंत गढी, जंगल, घाट काय असेल ते उभं करायचं. स्केलचं गणितही तसं घरगुतीच आहे. टेबल तेवढंच, कागद तेवढाच. जग मोठं हवं तर चौकोन लहान काढा, चौकोन मोठे हवेत तर जग कापा. तिरंदाजाला लांबून बाण मारायचा असेल तर मैदान लांब हवं. खोलीतली हाणामारी असेल तर मोठे चौकोन चालतात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे मला आईने शिकवलं होतं, इथे पाय पाहून अंथरूण कापायचं होतं इतकंच.

असं बरं चाललं होतं. भाची घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या देत यायची, दादा टिटवाळ्याहून लोकलने यायचा, पिशवीत देवळाबाहेरचे पेढे असायचे. दोघं भांडायचे, पण भांडण बाण मारावा की मंत्र टाकावा यावरून असायचं. ते भांडण मला भजनासारखं गोड वाटायचं.

मग दादा चुकायला लागला.

आधी वाटलं, लक्ष नाही. समोरच्या शत्रूला बरोबर टिपायचा, आणि शेजारी उभा असलेला फुटाणा सोडून द्यायचा. शत्रूच्या कुशीत जाऊन उभा राहायचा आणि मार खायचा. मग चहाचा कप त्याच्या उजव्या कोपराने लवंडला. पुढच्या वेळी पाण्याचा तांब्या. नवरा उजवीकडून काही बोलला की दादा अख्खी मान वळवून बघायचा, डोळे नाही.

चहा टाकताना मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, डोळ्यांचं काय आहे?"

त्याने ओट्यावरचा साखरेचा डबा उगाच सरळ केला. "आहे जरा. थेंब घालतोय. तिला सांगू नकोस."

"पण काय आहे?"

"सांगू नकोस म्हटलं ना. ती मला उचलून नेईल गं तिकडे. बाविसाव्या मजल्यावर मी काय करू? खाली उतरलो तर रस्ता असा की पलीकडे जायला माणसाने रिक्षा करावी." त्याचा आवाज रागाचा नव्हता, विनवणीचा होता. माझ्या मोठ्या भावाने मला कधी विनवणी केली नव्हती. मला ते अजिबात सहन झालं नाही आणि मी "बरं" म्हणून टाकलं.

पुढे मी काय केलं असेल? जे मला येतं तेच. दिसत नाही, तर मोठं काढू. एक ठिपका सोडून एक धरला, चौकोन दुप्पट केले. रेघा जाड केल्या. शत्रू म्हणून फुटाण्याऐवजी सुपाऱ्या ठेवल्या. कागद तेवढाच राहिला, म्हणून जग निम्मं झालं. पहिल्यांदा जंगल गेलं. मग घाटाचा वरचा भाग गेला. नदी काढायची होती ती तीन चौकोनांची काढली असती तर काठावर उभं राहायला जागा उरली नसती, म्हणून तीही एका चौकोनाची झाली.

"आत्या, मागच्या महिन्यात ही नदी होती," भाची म्हणाली. "आता गटार झालंय."

"उन्हाळा आहे," मी म्हटलं.

दादा हसला, पण खेळला आणखी वाईट. हे मला कळेना. जितकं मोठं काढावं तितका तो जास्त चाचपडायचा. आधी शेजारचा शत्रू चुकायचा, आता अर्धा कागद चुकायला लागला. टेबलाच्या या टोकाला बघितलं की त्या टोकाचं विसरायचा. मला वाटलं, नजर भराभर उतरतेय. मी आणखी मोठे चौकोन काढले. शेवटी शेवटी रणांगणावर तिघं जण आणि एक वेताळ एवढेच मावायचे. आठवडाभर बाळकुमच्या खोल्या आणि रविवारी ही खोली. दोन्हीत फरक उरला नव्हता आणि मला खरंच वीट आला होता. दादाला तरी हे बघून काही बोलावंसं वाटेल, असं मला वाटायचं. पण तो बोलणार कसा, ते मला नंतर कळलं. लहान काढ म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि समोर मुलगी बसलेली.

त्या रविवारी भाची आधीच वैतागून आली होती. वाटेत तासभर गाडी अडकली होती. वेताळ नकाशाच्या उजव्या कडेला उभा होता. वेताळ म्हणजे त्या दिवशी अख्खा अक्रोड. दादाची पाळी आली. त्याने तिरंदाजाचा मोहरा उचलला, शांतपणे उजवीकडे चालवत नेला आणि अक्रोडाला पाठ करून, त्याला खेटून उभा केला. धनुष्य डावीकडे रोखलं आणि विचारलं, "वेताळ कुठे गेला?"

नवरासुद्धा जागा झाला.

"बाबा, काय करताय?" भाची ओरडली. "तुमच्या मागे आहे तो! एवढा मोठा अक्रोड दिसत नाहीये का तुम्हाला?"

ती रागात बोलून गेली. बोलून झाल्यावर मात्र तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला आणि ती बापाकडे बघतच राहिली. मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. दादाने हात वर करून मला थांबवलं.

"नाही दिसत," तो म्हणाला.

मग तो माझ्याकडे वळला. अख्खी मान वळवून वळला.

"तू मोठं काढतेस, मला कळतंय का काढतेस ते. पण काचबिंदू आहे गं. मधलं चांगलं दिसतं. पेपर वाचतो मी अजून. बाजूचं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं. तू जितकं मोठं करतेस ना, तितकं ते माझ्या नळीच्या बाहेर जातं."

मी तिथेच बसले. इतके रविवार मी त्याच्यासाठी नदी आटवली, जंगल तोडलं, आणि सगळं उलटं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्यांच्या खोल्यांत उजेड कुठून येईल ते काढणाऱ्या बाईला सख्ख्या भावाच्या डोळ्यांत उजेड कुठून येतो ते विचारावंसं वाटलं नाही. चिडचिड झाली, त्याच्यावर, माझ्यावर, त्या अक्रोडावर.

"कधीपासून?" भाचीने विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते सांभाळायचं. थेंब चुकवायचे नाहीत. चुकवत नाही मी."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"घेऊन गेले असते तुम्हाला माझ्याकडे. त्याच दिवशी. सरळ उचलून."

"म्हणून," दादा म्हणाला.

ती उठून गॅलरीत गेली. तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती रडतेय, आणि आपण रडतोय याचा तिला संताप येतोय. ही दोघं बापलेक अशीच. नवरा उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. समजूत काढणं त्याला जमत नाही, पण फुटाण्यांची वाटी घेऊन गेला होता. दोघांनी तिथे उभं राहून फुटाणे खाल्ले.

मला काहीतरी हातात हवं होतं. मी मोठा नकाशा बाजूला सारला आणि नवा कागद घेतला. रांगोळीचा कागद ठेवून ठिपके मारले, मग दोन ठिपक्यांच्या मध्ये हाताने आणखी एक, असं करत अर्ध्या इंचाचं जाळं कागदाच्या मधोमध काढलं. वहीच्या पानाएवढ्या जागेत अख्खी नदी काढली, तीन चौकोन रुंद, दोन्ही काठ, पूल, पलीकडचं जंगल, घाट. काळ्या पेनाने, ठळक. अर्ध्या इंचात सुपारी मावत नाही, म्हणून मसुराचे दाणे ठेवले. कागद दादाच्या समोर सरकवला.

तो वाकला नाही. मान फिरवली नाही. नुसता बघत राहिला. "हां," म्हणाला. "आता आख्खं दिसतंय. पूल पण आहे की गं." त्याचे डोळे भरून आले आणि मग माझेही आले.

भाची आत आली ती त्याच वेळी. तिने बापाचा चेहरा बघितला, मग तो चिमुकला नकाशा बघितला. तिने खुर्ची ओढली. आधी त्याच्या उजवीकडे बसणार होती, मग थबकली आणि त्याला बसल्या जागी दिसेल अशी टेबलाच्या समोरच्या बाजूला गेली.

"टिटवाळ्याला रस्ता कसा ओलांडता?" तिने विचारलं.

"मान वळवून."

"आत्या, टिटवाळा काढ," ती म्हणाली. "याच मापात. बाबा सांगतील तसं."

मला वाटलं, ही आता पुरावा गोळा करणार. वकिलासारखी बसली होती. पण दादा तयार झाला. मी कोरा कोपरा घेतला. त्याचं घर काढलं. तो सांगत गेला आणि मी काढत गेले. जिना, गेट, गल्ली. गल्लीत वाण्याचं दुकान, त्याच्यापुढे दूधवाला, औषधांचं दुकान. डाव्या हाताला नवीन बिल्डिंग उठतेय, तिथे वाळूचे ट्रक, पण ते सकाळी, तेव्हा तो बाहेर पडत नाही. मग देऊळ, तळं, तळ्याच्या कडेचा कट्टा, जिथे तो संध्याकाळी बसतो.

"इथे अंधारात चाललो तरी चालेन," दादा म्हणाला. "पाठ आहे सगळं. तुझ्या आईबरोबर रोज हीच फेरी असायची. तुझ्याकडे मला काहीच पाठ नाही. लिफ्टचं बटणसुद्धा."

भाचीने देवळापासून पुढे बोट ठेवलं. तिथे मी अजून काही काढलं नव्हतं. "आणि इथून पुढे? स्टेशनपर्यंत?"

मी पेन हातात धरून थांबले. दादा दर रविवारी तिथूनच आमच्याकडे येत होता.

"तिकडे रिक्षा उजव्या बाजूने येतात," तो अखेर म्हणाला. "अंगावर येईपर्यंत मला कळत नाहीत. परवा एकाने हात धरून मागे ओढलं. त्याच्या आधीही एकदा झालं होतं."

भाचीने डोळे मिटले. आता ती बोलणार, बॅगा भरा म्हणणार, आणि तिचं चूक म्हणायची माझी तरी हिंमत नव्हती. मी तसल्याच बिल्डिंगांचे प्लॅन काढते, मला ठाऊक आहे तिथे लिफ्ट मोठी असते, जिन्याला कठडा असतो, मुलगी रात्री घरी येते. हे सगळं खरं आहे. ती बोललीही. "बाबा," एवढंच म्हणाली.

दादाने माझ्या हातातलं पेन घेतलं. कागद स्वतःच्या डोळ्यांसमोर सरकवून घेतला आणि देवळाच्या पुढच्या कोपऱ्यावर, जिथे स्टेशनचा रस्ता सुरू होतो तिथे, एक आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली.

"इथपर्यंत मी येईन," तो मुलीला म्हणाला. "इथून पुढे तू ये."